दिव्याचं कूळ

रस्त्यांवर पिवळे दिवे होते, त्या काळातली ही गोष्ट. वळणावरचा एक दिवा स्वतःला सूर्याच्या घराण्यातला म्हणवी आणि गल्लीतल्या बल्बांकडून रोज नमस्कार घेई.

समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचा लोलक टांगलेला होता. तो भारी खोडकर. "दिवेराव, एकदा माझ्यातून जा," तो म्हणाला. "ज्याच्या पोटात जे असेल, ते भिंतीवर उमटतं."

संध्याकाळी आधी मावळता सूर्य खिडकीच्या फटीतून लोलकात आला. भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत ऐसपैस पट्टा पसरला. मग दिवा आला. भिंतीवर एक बारीक पिवळी रेघ, बस्स!

बल्ब फिदीफिदी हसले. तेवढ्यात शेगडीवरची खारट आमटी उतू गेली. ज्योत पिवळी झाली आणि लोलकातून तिचीही रेघ नेमकी त्याच जागी पडली.

"अगंबाई, हा तर आमच्याकडचा!" फळीवरची मिठाची बरणी ओरडली. "ये रे भाच्या!"

दिव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी मिठाचा नाही, सूर्याचा!"

"मघाशी सूर्याचा पट्टा नीट पाहिलास?" लोलक म्हणाला. "तुझी रेघ पडते, तिथेच त्यात एक काळी रेघ होती. मिठात जे सोडियम आहे, तेच तुझ्या पोटात आणि सूर्याभोवतीच्या वाफेतही आहे. तिथे तेवढा पिवळा उजेड ते गिळून टाकतं."

दिवा एकदम ताठ झाला. "म्हणजे मी सूर्याचा नातेवाईक!"

"आहेस ना. पण मिठाकडून," लोलक गिरकी घेत म्हणाला. "चल, आधी मावशीच्या पाया पड."