बारवेचं पाणी

फार वर्षांपूर्वी, थंडी पडली की दूर देशीच्या पाकोळ्या एका जुन्या शहरात उतरत. तिथली साळुंकी त्यांना शहर दाखवी. "ही वेस, ही बारव. चला, पुढचा बुरूज चुकेल," म्हणत ती उडे आणि थवा तिच्यामागे.

एकदा एक पाकोळी बारवेच्या काठावरच थांबली. खाली हिरवं पाणी निजल्यासारखं पडलं होतं.

"हे पाणी कसं लागतं?" तिनं विचारलं.

"बारव राणीनं बांधलीय."

"ते सांगितलंत, ताई. मी चव विचारतेय."

साळुंकीनं खाली डोकावलं. जन्म इथं गेला, पण ती खाली कधी उतरली नव्हती. दोघी झिजलेल्या पायऱ्यांवरून खाली गेल्या, तसा वरचा गलका विरत गेला. साळुंकीनं चोच बुडवली आणि डोळे मिटले.

"ताई, बुरूज राहिला ना," वरून थव्यानं हाक मारली.

"आधी खाली या," साळुंकी हळूच म्हणाली.