टाकीतला लाल थर

“मग मारायचं तरी कशानं?”

डॉक्टर शर्वाणी घोरपडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला आवाज जरा चढलाच.

ईसाकचाचा होडेकर ओट्यावर उकिडवे बसून गाळणी धूत होते. बंदरावरच्या मत्स्यालयात छत्तीस वर्षं त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या होत्या. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण टाकी बिघडली की लोक अजून त्यांचंच घर शोधत येत.

“कुणाला मारायचंय?”

“त्या लाल थराला. मघाशी सांगितलं ना मी.”

“सांगितलंत.”

चाचांनी गाळणी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं धुवायला घेतली.

शर्वाणी सकाळीच कोल्हापूर सोडून, घाट उतरून आली होती. मोठ्या रुग्णालयात जंतुसंसर्ग रोखण्याचं खातं तिच्याकडे होतं. जंतू तिला वचकून असतात, असं तिचे सहकारी गमतीनं म्हणत आणि तिला ते मनातून आवडे. अशा बाईच्या दिवाणखान्यात, चार फुटांच्या काचेच्या टाकीत, सहा महिने जंतू मजेत नांदत होते.

आधी वाळूवर तपकिरी धूळ बसली. मग दगडांवर हिरवे केस उगवले. मग सगळ्यावर लाल, बुळबुळीत थर पसरला, ओल्या फडक्यासारखा.

तिनं दगड नळाखाली खरवडून धुतले, वाळू बदलली, जंतू मारणारा दिवा बसवला. शेवटी पाण्यात अँटिबायोटिक घातलं.

“दोन दिवसांत लाल साफ झालं,” ती म्हणाली. “डोस अचूक होता माझा.”

“आणि तिसऱ्या दिवशी?”

शर्वाणी थांबली. हे तिनं सांगितलं नव्हतं.

“…तीन मासे मेले. पाण्यात अमोनिया वाढला होता.”

“लाल मेलं, त्याच्याबरोबर आणखी काय मेलं?”

उत्तर तिला ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना ती तेच शिकवायची. घाण पचवून पाणी राखणारे जंतूही त्याच औषधानं गेले होते.



पंधरा दिवसांत लाल थर परत आला होता, पहिल्यापेक्षा जाड. आता टाकीत नारिंगी अंगाच्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची एक जोडी तेवढी उरली होती.

“चाचा, ती टाकी माझ्या वडिलांसाठी आहे,” ती एकदम म्हणाली. “आबा तीस वर्षं जहाजावर इंजिनियर होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समुद्र त्यांच्यापर्यंत आणावा म्हणून मी ती टाकी केली. मासे मेले त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस जेवले नाहीत. ही जोडीही गेली तर…”

गाळणी धुऊन झाली होती. चाचांनी ती उन्हात ठेवली.

शर्वाणीनं फाइल पुढे केली. सहा महिन्यांचे आकडे, आलेख, सगळं तारीखवार. चाचांनी ती उघडली नाही. तिनं आणलेली पाण्याची बाटली मात्र उचलली, हलवली, झाकण काढून हुंगली.

“चारा कोण घालतं?”

“मी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वजन करून.”

“हे दोन वेळच्या चाऱ्याचं पाणी नाही.”

“चाचा, मी वजन करते!”

“या,” चाचा म्हणाले आणि पडवीत गेले.

पडवीत त्यांची स्वतःची टाकी होती. पुढची काच इतकी नितळ की पाणी आहे की नाही कळू नये. मागच्या काचेवर मात्र हिरवंगार शेवाळ माजलं होतं. शर्वाणी बघतच राहिली. एवढं नाव ऐकून आले, आणि यांच्या टाकीत हे?

“तुमच्याकडेही आहे की!”

“आहे.”

“मग काढत का नाही?”

चाचांनी टाकीसमोर एक स्टूल सरकवलं आणि चाऱ्याची डबी तिच्या शेजारी ठेवली.

“बसा. मी जेवून येतो. यांना काही घालू नका.”

ते खरंच जेवायला गेले.

शर्वाणी बसली. निळ्या अंगाचा, हातभर लांब वाटावा असा रुबाबदार सर्जन मासा काचेशी आला. तिच्या तोंडासमोर येऊन थांबला. तोंड उघडलं, मिटलं. खाली गेला, वर आला, पुन्हा तिच्यासमोर. त्याच्यामागे दोन लहान मासे. तिघंही तिच्याकडे बघत होते.

पाच मिनिटं गेली. दहा.

तिनं नजर वळवली तर ते तिकडे आले. इतक्या आशेनं तिच्याकडे बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. एक चिमूट घातली तर काय बिघडणार आहे? चाचांना कळणारही नाही.

तिची बोटं डबीच्या झाकणावर होती. ती तिथं कधी गेली, तिला कळलंच नाही.

“डॉक्टरांचाही हात गेला,” दारातून चाचा म्हणाले.

तिनं हात मागे घेतला. कान तापले होते.

“बसा अजून. …बघा.”

सर्जन मासा थोडा वेळ ताटकळला. मग कंटाळून वळला, मागच्या काचेकडे गेला आणि शेवाळ कुरतडायला लागला. टक, टक, टक. दोन्ही लहानगे त्याच्या पाठोपाठ गेले.

शर्वाणी काचेकडे बघत होती, पण तिला दिसत होता कोल्हापूरचा दिवाणखाना. टाकीसमोर आबांची खुर्ची. खुर्चीशेजारी, डाव्या हाताला, तिपाई. तिपाईवर चाऱ्याचा डबा. तो तिनंच ठेवला होता तिथं.

“चाचा… दिवसभर टाकीसमोर आबा असतात.”

चाचांनी चाऱ्याची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

“डबा काढून घेऊ?”

“त्यांच्याकडे दुसरं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग रिकामा हात कसा ठेवणार त्यांचा?”

आत जाऊन त्यांनी दोन काळे चुंबक आणले. एक टाकीच्या आत सोडला, एक बाहेरून लावला. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्यामागे सरके आणि काच पुसली जाई. ते चुंबक त्यांनी पुसून शर्वाणीच्या हातात दिले. आठवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदला म्हणाले, नळाचं घालू नका, गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून घाला. लाल थर नळीनं ओढून काढा. टाकीवरचा उजेडाचा दिवा दिवसाला सहाच तास.

“आणि औषध?”

चाचांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

घरी पोचल्यावर शर्वाणी आत न जाता दाराशीच उभी राहिली. अर्ध्या तासात आबांनी चार वेळा डबा उघडून पाण्यात चिमूट टाकली. दर वेळी मासे उसळून वर येत, आणि दर वेळी आबांच्या ओठाची डावी कड किंचित उचलली जाई.

ते हसणं ती पाहत राहिली. डोळे पुसून मग आत गेली.

तिनं आबांना सगळं सांगितलं, एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं. आलेख दाखवले. सकाळची एक चिमूट तुमच्याच हातानं, म्हणाली. डबा तिनं कपाटात ठेवला आणि चुंबक त्यांच्या डाव्या हातात दिला.

आबांनी तो जमिनीवर टाकला.

तीन दिवस त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा पुढच्या काचेवर एक स्वच्छ पट्टा होता. वाकडा, वीतभर.

पहिल्या दोन आठवड्यांत लाल थर कमी होण्याऐवजी वाढलाच. शर्वाणीनं चाचांना फोन लावला.

“चाचा, अर्धाच डोस घालू का?”

“आज काय काय केलंत?”

“पाणी बदललं. लाल ओढून काढलं. बाकी काही नाही.”

“बाकी काही नाही?”

“…नाही.”

“जमायला लागलंय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात थराच्या कडा सुटू लागल्या. पाचव्यात वाळू दिसली. शंख आणून सोडले होते, ते दगडांवरचे हिरवे केस चरत फिरायचे. आबा सकाळी नाश्ता झाला की काच पुसायला घेत, इंजिनाचं पितळ चमकवावं तशी, आणि पुसून झाली की मालकाच्या नजरेनं न्याहाळत. भिंतीकडे तोंड करायला त्यांना आता वेळ नव्हता.

नवव्या आठवड्यात शर्वाणी पुन्हा घाट उतरून आली.

“पाणी झकास आहे,” ओट्यावर बसत ती म्हणाली. “नायट्रेट उतरलंय. जोडीनं अंडी घातलीत, चाचा! लाल थर उरलाय तो एका दगडाच्या कोपऱ्यावर, रुपयाएवढा.”

“बरं.”

“तो काही माझ्यानं बघवेना. परवा नळी घेऊन गेले. उरलंसुरलं खरवडूनच टाकते म्हटलं. नळी पाण्यात घालणार, तोच आबांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं. केवढी ताकद होती! मी म्हटलं, आबा, सोडा, एवढंच राहिलंय. सोडेनात. माझ्याकडे बघून मान हलवली… नाही म्हणून. बराच वेळ तसेच आम्ही दोघं. शेवटी मी नळी खाली ठेवली.”

चाचांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच ते तिच्याकडे तोंड करून नीट बसले.

“सांगणारे घरातच आहेत. मग आता माझ्याकडे काय काम, डॉक्टर?”