हद्दीच्या दगडापाशी

"महाराज, त्या डब्याचं झाकण अजून माझ्या कानात का फिरतंय?"

सरकारी वकील मोरेश्वर हेमाडे यांनी हे विचारलं तेव्हा मठाच्या अंगणात ऊन कललं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा एका माणसाचा जामीन अडवला. सुटल्या सुटल्या जेवू घालायचं म्हणून आलेल्या त्याच्या बायकोच्या हातून कोर्टाच्या फरशीवर डबा निसटला. झाकण गरगरत राहिलं... बराच वेळ.

दौलतगिरी महाराज आपल्या आसनावर बसून सुपारी कातरत होते. "आजच का आठवलं?"

"उद्या बुध्याच्या जामिनाची तारीख आहे. रानातला मध गोळा करतो. घरात हरणाचं कातडं सापडलं, बापाच्या वेळचं. अकरा महिने आत आहे. पोरगी आजारी आहे म्हणे."

"आणि त्याचा चुलतभाऊ? मला मध आणून देतो तो."

"त्याच्याकडेही तसंच कातडं होतं. पण तो डोंगरापलीकडे राहतो, दुसऱ्या जिल्ह्यात. पकडला त्याच संध्याकाळी जामिनावर घरी गेला."

"कायदे दोन आहेत का, वकीलसाहेब?"

"एकच. वन्यप्राण्यांचा, दिल्लीचा, साऱ्या देशाला लागू. पण पलीकडचे सरकारी वकील असल्या जामिनाला हरकत घेत नाहीत. आमच्याकडे घ्यायची पद्धत आहे." वकिलांचा आवाज ताठ झाला. "माझ्यासमोर अजून एकाही आरोपीला जामीन मिळालेला नाही, महाराज."

"मग घाम कशाचा?"

वकिलांनी रुमाल काढला. तो हातातच राहिला.

मठ डोंगरमाथ्यावर. अंगणात हद्दीचा दगड रोवलेला. अलीकडची वाट वकिलांच्या जिल्ह्यात उतरायची, पलीकडची दुसऱ्यात.

महाराज उठले... सावकाश. खालचं आसन उचलून झटकलं. हरणाचं कातडं, केस झडलेलं, कडेला उंदरांनी कुरतडलेलं. सहा वर्षं वकील त्याच्यावर डोकं टेकत आले होते.

"हे तर..."

"माझ्या गुरूंचं. बुध्याच्या कातड्यासारखंच, मालकीचा कागद नाही याला."

त्यांनी गुंडाळी केली आणि वकिलांच्या हातांवर ठेवली. वकिलांना ती खाली ठेववेना, धरवेना.

"महाराज, मी हे..."

"तुझ्याकडे राहू दे, बाळा. उजेड आहे तोवर नीघ." महाराजांनी दगडाकडे पाहिलं. "कुठल्या वाटेनं उतरणार?"

वकील दगडापाशी थोडे थांबले... मग कातडं छातीशी धरून अलीकडची, आपल्या जिल्ह्याची वाट उतरू लागले.