सरकारांचं नाक, पंचांचे दहा

मुष्टियुद्धात पडलेला गडी दहा मोजेपर्यंत उठला नाही, तर हरला. आमच्या संस्थानात भैरूच्या ठोशानं सरकारांचा भाचा आडवा झाला, तेव्हा पंचांना सहावर खोकला आला, आठवर चष्मा पुसावासा वाटला. तेवढ्यात भाचा उठला. सामना बरोबरीत सुटला आणि भैरूचं चांदीचं कडं हुकलं.

भैरूची आई रखमा पुढं झाली. "सरकार, मोजणीत काळंबेरं आहे."

"दहा म्हणजे दहा, बाई!"

"मग नाक-तोंड दाबून बसा. दहा हेच पंच मोजतील."

सरकारांनी ऐटीत नाक-तोंड दाबलं. त्यांचा चेहरा लाल होताना दिसताच पंचांनी एका दमात दहा उरकले.

रखमा म्हणाली, "मघाशी असं मोजलं असतं, तर दहा झाले तेव्हा भाचेसाहेब आडवेच असते."

कडं भैरूला मिळालं. नाक सरकारांचं दाबलं, तोंड मात्र पंचांचं उघडलं!