कुलपात राहिलेली किल्ली

एकदा एक वृद्ध पंचांगकर्ते आपल्या शिष्येला गणित शिकवीत होते. शिष्या नुकतीच लग्न होऊन त्या गावी आलेली. बोलणे कमी, जिद्द भारी. यंदाचे पंचांग वेळेवर छापखान्यात पोहोचवायचेच, असा तिने चंग बांधला होता.

गुरुजींचा संगणक लिनक्स या प्रणालीवर चाले. त्यातली तिथी-मुहूर्तांची कोष्टके कोणालाही वाचता येत. बदलायची तर ‘रूट’ व्हावे लागे. रूट म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. गुरुजींनी तिला तो अधिकार दिला होता, पण दुरुस्ती करायची म्हटले की यंत्र आधी पासवर्ड मागे. दारातच अडवून नावगाव विचारणाऱ्या एखाद्या आत्याबाईंसारखे तिला ते वाटे. एके सकाळी तिने एकदाच पासवर्ड देऊन पडद्यावर सरळ रूटची खिडकी उघडली आणि ती तशीच उघडी ठेवून सपाट्याने काम उरकू लागली. गुरुजींनी ते पाहिले.

इतक्यात एक व्यापारी आला.

“गुरुजी, मुलीच्या लग्नाला कार्यालय मिळालंय, ते नेमकं तुमच्याकडे मुहूर्त नसलेल्या दिवशी. तेवढा एक मुहूर्त छापून टाका की!”

आता गुरुजी याची हजेरी घेणार, असे शिष्येला वाटले. पण ते म्हणाले, “ऊठ गं पोरी. बसा शेटजी, तुम्हीच घाला.”

शेटजी ऐसपैस बसले. जाडजूड बोटाने अक्षरे शोधत त्यांनी मुहूर्त लिहिला. यंत्राने हूं की चूं केले नाही. बदल कायम करायला बोट पुढे झाले, तशी शिष्येने कीबोर्डच ओढून पोटाशी धरला.

“अहो गुरुजी, गावोगावची लग्नं या पानावर ठरतात! हे काय चालवलंय तुम्ही?”

“मी कुठे काय चालवलं?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “तू कोण, शेटजी कोण, हे यंत्राला कळत नाही. खुर्चीत बसेल तो सर्वाधिकारी, असं सकाळी तूच त्याला सांगून ठेवलंस. आज शेटजी बसले. उद्या तुझी घाई बसेल, तुझी डुलकी बसेल. तिजोरीची किल्ली कमरेला असावी, बाळ. कुलपात लटकत राहिली की ती येईल त्याची होते.”

शिष्येने शेटजींचा मुहूर्त पुसला, रूटची खिडकी मिटली, तेच कोष्टक आपल्या साध्या खात्यातून उघडले आणि कीबोर्ड पुढे ठेवला.

“आता घाला, काका.”

शेटजींनी पुन्हा घातला. यंत्र उत्तरले, ‘परवानगी नाही.’

“गुरुजी, हे तर ऐकतच नाही!”

“माझंही असंच ऐकत नाही, म्हणून तर मी त्याच्यावर विसंबून असतो. तुम्ही आपलं कार्यालयच बदला.”

शेटजी कुरकुरत गेले. दिवस मावळेपर्यंत दुरुस्त्या चालल्या. यंत्राने विचारले की शिष्या पासवर्ड देई, तेवढा बदल करी आणि दार पुन्हा लोटून घेई. आत्याबाईंचा तिला आता राग येत नव्हता. पंचांग वेळेवर छापखान्यात पोहोचले.

अधिकार हाताशी असावा. त्यात ठाण मांडून बसू नये.