धुराड्याच्या तोंडातलं गोणपाट

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. थंडी इतकी की घरोघरी भिंतीत शेगडी आणि छपरावर उंच धुराडं. हिवाळा लागला की गावचा मुखिया सर्वांत पांढऱ्या धुराड्याच्या मालकाला शेला बांधायचा. मग काय! लोक धुराड्याला बाहेरून चुन्याचे हातावर हात देत. आतली काजळी खरवडायला कुणी शिडी लावत नसे. ती कुणाला दिसणार होती? उलट, धुरानं चुना काळवंडू नये म्हणून मुखिया पाहून जाईपर्यंत धुराड्याच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबायचं, अशी रीतच पडली होती. शेगडी विझवावी तर माणसं गारठणार. म्हणून ती पेटती ठेवायची आणि धूर गिळायचा.

त्या वर्षी मुखिया वेळेवर आलाच नाही. शेजारगावी मेजवानीत रमला होता म्हणे.

इकडे भागू नावाच्या सुनेचं तान्हं बाळ खोकून खोकून निळं पडू लागलं.

"मामंजी, गोणपाट काढा हो," ती सासऱ्याला म्हणाली.

"आणि चुना काळा झाला म्हणजे? गेल्या साली शेजाऱ्यानं शेला मिरवला. औंदा मी मिरवणार."

"मिरवा की. पण शेला येईल तेव्हा घालायचा कुणावर? याच्यावर?"

"जिभेला काही हाड?" सासरा गरजला.

भागूनं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, निखारे राखेखाली झाकले, पदर खोचला आणि शिडी लावली. गोणपाट ओढून फेकलं. बांबूला काटेरी फांदी बांधून धुराडं आतून खरवडलं. काजळीचा ढीग धपकन खाली आला.

सासरा शिव्या देत होता. पण मांडीवर पोर होतं, म्हणून उठता येईना. शेगडी पुन्हा पेटली, धूर सरळ वर गेला. हळूहळू बाळाची घरघर थांबली. मग सासऱ्याच्या शिव्याही थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मुखिया उगवला. भागूच्या धुराड्यावरचे काळे ओघळ पाहून त्यानं नाक मुरडलं. "गावाची अब्रू घालवली या घरानं!" शेला शेजाऱ्याला जाहीर झाला. शेला विजेत्याच्या शेगडीपाशी बसून, गुळाचं गरम पाणी पिऊन बांधायचा असे. मुखिया ऐटीत आत शिरला, आणि पहिला घोट घेण्याआधीच डोळे चोळत, खोकत बाहेर पळाला. पागोटं आतच राहिलं. समोर उघडं दार दिसलं, त्यात घुसला. ते भागूचं होतं.

"हां... इथं जीवात जीव आला," तो धापा टाकत म्हणाला.

"आला ना?" भागू म्हणाली. "तुम्हाला तिथं एक घोट गिळवला नाही. आमची लेकरं तुमची वाट बघत त्याच धुरात निजली!"

मुखियानं सासऱ्याकडे पाहिलं. "तुमची सून फार बोलते."

"कमीच बोलते," सासरा म्हणाला. त्यानं बाळ भागूच्या हाती दिलं, कोपऱ्यातला बांबू उचलला, शिडी खांद्यावर घेतली आणि शेजाऱ्याच्या छपराकडे निघाला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, तात्पर्य ध्यानात ठेवा: पाहुण्याला दाखवायच्या पांढरेपणासाठी घरातल्यांचा श्वास कोंडत असेल, तर तो मान नव्हे, गुन्हा आहे, आणि त्यावर शेला बांधणाराही त्यात सामील आहे.