पुरलेला चुरा

“आपल्याच भावकीच्या खोलीत शिरायचे, आणि तेही डंख उगारून? का?”

धाकट्या मुंगळ्याने हे वारुळातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारले होते. जो तो म्हणे, “वेळ येईल तेव्हा पाय लटपटू देऊ नकोस, म्हणजे झाले.”

मुलांनो, हे वारूळ एका घनदाट जंगलात होते आणि तिथे एक रीत पाळत. सकाळ झाली की प्रत्येक मुंगळा आपल्या खोलीत जे काही असेल त्याचा चिमूटभर चुरा दाराबाहेर ठेवी. डंखवाले मुंगळे दारोदार फिरून तो हुंगत. चुरा रोजचाच असला तर पुढे जात. परका वास आला तर आत शिरत, आणि त्या खोलीतला कोणी पुन्हा बाहेर येत नसे. कारण एक कीड होती. ती खोलीत शिरली की खोलीवाल्यालाच राबवी, त्याच्याच पोटात आपली पिल्ले वाढवी, आणि एका दिवसात ती शेकडो पिल्ले शेजारच्या खोल्यांकडे सुटत. आपल्याला फ्लूचा ताप येतो तेव्हा छातीच्या आत असेच काहीसे चालते. तिथले डंखवाले म्हणजे आपल्या शरीरातल्या मारेकरी पेशी.

त्या वर्षी कीड नवाच अंगरखा घालून आली. वेशीवरचे पहारेकरी अंगरख्यावरूनच ओळखत. “मागच्या वर्षीची पिवळी होती. ही तांबडी. कोणी पाहुणी दिसते,” असे म्हणून त्यांनी वाट सोडली.

दुसऱ्या सकाळी धाकटा आपल्या डंखवाल्या जोडीदाराबरोबर दारे हुंगत थोरल्या भावाच्या दाराशी आला. चुरा हुंगला आणि जागीच गारठला. वास मागच्या वर्षीचाच! अंगरखा तेवढा बदलला होता, आतली कीड तीच होती.

मागून जोडीदाराने हटकले, “काय रे, दादाच्या दारात फराळाची वाट बघतोस की काय?”

“काही नाही. रोजचाच आहे,” धाकटा म्हणाला, आणि त्याने पायाने चुरा मातीत पुरून टाकला. दादाला गमावण्याच्या भीतीने त्याला दुसरे काही सुचलेच नाही.

दुपारी धाकट्याला त्या ओळीतल्या चार दारांना तोच वास आला. दिवस कलला तेव्हा दहा दारांना. धाकटा धावत थोरल्याच्या खोलीत घुसला. थोरला भिंतीला टेकून पडला होता. त्याचे पोट आतून हलत होते.

“आलास? केवढा उशीर केलास रे! उठवत नव्हतं, तरी सरपटत जाऊन चुरा ठेवला होता. कुणाच्या पायाखाली गेला का?”

“माझ्याच, दादा. मुद्दाम.”

थोरल्याने शेजारच्या भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाला, “शेजारी लहान पोरं होती रे.”

धाकट्याला रडू फुटले.

“रडू नंतर. आता तरी चुकू नकोस.”

धाकट्याने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर नेम चुकला असता. एकच डंख. थोरला कायमचा निवला, आणि त्याच्या पोटातली हालचालही थांबली.

धाकटा बाहेर येऊन ओरडला, “अंगरखा नवा, पण कीड तीच! पुन्हा चुरा हुंगा!” चहूकडून डंखवाले धावून आले. जोडीदार म्हणाला, “तू हो बाजूला. ही ओळ आम्ही बघतो.”

“नाही. ही दहा दारे माझ्यामुळे आहेत,” धाकटा म्हणाला, आणि एकेका दारात शिरला.

शेवटच्या खोलीत एक इवलीशी मुंगी होती. “काका, दुखेल का हो?” तिने विचारले.

“थोडंसं. पण मी इथेच आहे,” तो म्हणाला. त्याने तिच्या मिशांना आपल्या मिशा टेकवल्या, तिची थरथर थांबेपर्यंत तसाच बसून राहिला, आणि मगच डंख मारला.

तात्पर्य : मायेपोटी झाकलेले दुखणे आपल्या माणसाला वाचवत नाही, ते शेजारच्या लेकरांनाही गाठते.